अनुभव धागा: घाटात गाडी चालवताना फोनची रेंज

घाटपायथा
एका जुन्या क्वालिसच्या छतावर मॅग्नेटवाला अँटेना दिसला आणि कारकिटचा जमाना आठवला. फोन स्टँडात अडकवला की छतावरच्या अँटेनाला जोडला जायचा. आताच्या फोनला ती सोयच नाही. गणपतीला कोकणात निघणाऱ्यांसाठी जे माहीत आहे ते टाका.

तारमास्तर
दांड्या मोजू नका, डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचा आकडा) बघा. अँड्रॉइडवर *#*#४६३६#*#* डायल करा (काही फोनमध्ये बंद असतं). फोरजीला -९० पर्यंत झकास, -११० ला आवाज तुटायला लागतो, -१२० ला विसरा. ३ डीबी म्हणजे दुप्पट ताकद, म्हणून ६-७ डीबी वाढले तरी फोन लागतो.

बिनधास्त_बारामती
ऑनलाइन बूस्टर मिळतो (छतावरच्या अँटेनाचा सिग्नल वाढवून आतल्या अँटेनाला देणारा डबा), तो घेऊ का?

तारमास्तर
नको भाऊ. परवान्याशिवाय भारतात तो बाळगणंही बेकायदा. शिवाय छतावरचा आणि आतला अँटेना यांच्यात जेमतेम मीटर-दीड मीटर. डबा ५० डीबी वाढवतो आणि दोन अँटेनांमधला अडसर ३० डीबीचाच असला, तर लग्नातल्या माइकसारखी शिट्टी सुरू. ती थेट टॉवरवर जाते, आजूबाजूच्यांचेही फोन लागत नाहीत.

ह्यूस्टनची_माई
इकडे अमेरिकेत चालतो, पण एफसीसीची (इथलं दूरसंचार नियामक) मर्यादा आहे. गाडीत अँटेना ठेवून ५० डीबी, फोन क्रेडलमध्ये (स्टँडात) असेल तर २३. शिवाय कंपनीकडे नोंदणी लागते. कुणी मागवला तरी बॅगेतून आणू नका रे.

रानवाट
त्यापेक्षा सिम टाकायचा छोटा राउटर घ्या, बाहेरच्या अँटेनाचं टीएस९ सॉकेट असलेला. मॅग्नेटचा अँटेना छताच्या मधोमध, वायर दाराच्या रबरातून आत. वायर तीन मीटरच्या वर नको: बारीक आरजी१७४ मीटरमागे १ ते २ डीबी खाते. राउटरच्या सेटिंगमध्ये अँटेना 'एक्स्टर्नल' करायला विसरतात लोक, मग म्हणतात फरक पडला नाही. फोन राउटरच्या वायफायवर, वायफाय कॉलिंग चालू.

सौ_चहाबाज
आणि माणगावच्या कोंडीत? रेंज फुल, नेट ढिम्म 😄

रानवाट
ताई, तिथे टॉवरवर गर्दी. त्याला अँटेना काय करणार! वडापाव खा.

सौ_चहाबाज
वडापावची लाइन पण तेवढीच 😭

घाटपायथा
खर्च न करता काही?

तारमास्तर
घाटात फाइव्हजी बंद, फोरजीवर ठेवा. फाइव्हजीचा ३३०० मेगाहर्ट्झ डोंगराआड पोचत नाही, फोरजीचा ८५०-९०० बरंच बरं. फोन कपहोल्डरमध्ये नको. काचेला धातूचा थर असेल तर तो सिग्नल अडवतो; आरशामागे बिनथराची जागा असते, फास्टॅगही तिथेच लावतात, फोन तिच्याजवळ ठेवा. घाट उतरल्यावर विमान मोड दहा सेकंद चालू-बंद. नकाशे आधीच उतरवा. आणि स्वतःच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुणाची असेल तर आणीबाणीचा ११२ लागतो.

कोकणकडा७
कशेडीच्या बोगद्यात?

तारमास्तर
डोंगराच्या आत छतावरचा अँटेना शोभेचा. बोगद्यात कंपन्यांनीच आतून यंत्रणा टाकावी लागते.

बिनधास्त_बारामती
छत सगळं काचेचं आहे, मॅग्नेट चिकटत नाही 🤦

रानवाट
डिकीचं झाकण लोखंडी असेल तर मॅग्नेट थेट त्यावर, नाहीतर २० सेंटिमीटरचा लोखंडी पत्रा झाकणावर डबल टेपने लावा, मॅग्नेट त्याच्या मधोमध. नुसत्या काचेवर ठेवलात तर खाली धातू नाही, बरीच ताकद तिथेच गेली. वेगात टेप सुटते, पत्र्याला दोरी बांधा.