पाडलेल्या चाळीचा नकाशा लहानपणच्या आठवणींवरून कसा काढावा?

जुना_बोळ:
सोलापुरात गिरणीमागची आमची कामगार चाळ पूर्ण पाडली आहे, जागा सपाट आहे. तिथं लहानाची मोठी झालेली माणसं आता साठी-सत्तरीत. कुणी विडी घरकुलला, कुणी विजापूर रोडला, कुणी पुण्यात. ती आहेत तोवर नकाशा व्हायला हवा: कुणाची खोली कुठली, नळ कुठं, पोरं कुठं खेळायची. अडचण अशी की दोघांना विचारलं की दोन वेगळ्या चाळी तयार होतात. सुरुवात कुठून करू?

टेप_आणि_खुंटी:
आठवणींपासून नको, जमिनीपासून करा. जे अजून जागेवर आहे ते आधी मोजा: देऊळ, लिंबाचं झाड, विहिरीचा कठडा, रस्त्याचा कोपरा. निदान तीन खुणा पाहिजेत. ५० मीटरचा टेप घेऊन तिन्हींमधली अंतरं घ्या, म्हणजे त्रिकोण पक्का बसतो. कागदावर १ सेंमीला २ मीटर धरा. यापेक्षा लहान काढला तर खोलीत नाव लिहायला जागा उरत नाही.

बाहेरची हद्द नगर भूमापन कार्यालयातल्या शीटवरून मिळेल. मालमत्ता पत्रकावर भाडेकरूंची नावं शोधू नका, तिथं मालक दिसतो. नावांसाठी जुनी मतदार यादी बघा, ती घरक्रमांकानं लावलेली असते. रेशनकार्डं आणि भाड्याच्या पावत्याही मागा. मात्र मधल्या काळात घरांचे नंबर बदलले असतील, तर जुना आणि नवा दोन्ही लिहा. चाळ अलीकडे पाडली असेल तर गूगल अर्थ प्रोमध्ये मागच्या तारखेची चित्रं उघडा, छपरांच्या ओळी मोजता येतात.

नेहमी चुकतं ते भिंतींपाशी. खोली १० फुटी आणि ओळीत २० खोल्या, म्हणून लोक २०० फूट धरतात. मधली भिंत सव्वा फूट असेल तर २१ भिंतींचे सव्वासव्वीस फूट वाढतात. म्हणजे शेवटची खोली नकाशावर दोन खोल्यांहून जास्त सरकते आणि मग "नळ आमच्या दारासमोर होता" म्हणणारी अक्का उगाच खोटी ठरते. भिंतीची जाडी पाया उरला असेल तर तिथं मोजा, नाहीतर चाळ बांधणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या गवंड्याला विचारा.

पूर्वभाग:
दोन चाळी का होतात ते सांगतो. एकजण १९६५ची चाळ सांगतोय, दुसरा १९८०ची. दोघंही बरोबर असतात. बदली कामगार खोली सोडून जायचे, पुढं पडवी झाकली जायची, नवे संडास यायचे. म्हणून एकाच कागदावर सगळं भरू नका. खालचा नकाशा एक, त्यावर प्रत्येक काळाचा वेगळा ट्रेसिंग पेपर.

"कोणत्या साली?" हा प्रश्न वाया जातो. सगळ्यांना आठवणारी घटना धरा: १९७२चा दुष्काळ, १६ फेब्रुवारी १९८०चं सूर्यग्रहण, ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप. "भूकंपाच्या पहाटे बाहेर पळालात, तेव्हा शेजारच्या दारातून कोण आलं?" असं विचारलं की नाव येतं. वडिलांची पाळी कोणती, ते साचाखात्यात (कापड विणायच्या) होते की रिंगखात्यात (सूत कातायच्या), हेही विचारा; त्यावरून शेजारपाजार जुळतो.

लहान मुलाला चाळ वरून दिसत नाही, ती वाटेनं कळते. म्हणून नकाशा समोर ठेवून "तुमचं घर दाखवा" म्हणू नका. "नळावरून घरी येताना उजव्या हाताला पहिलं दार कुणाचं?" असं एकेक दार चालवत न्या. पहिली बैठक प्रत्येकाची वेगळी घ्या. चौघं एकत्र बसले की मोठ्या आवाजाचा माणूस बोलतो आणि बाकीचे माना हलवतात. तेलुगू-कन्नड घरांतल्या आजींना त्यांच्याच भाषेत बोलू द्या, मराठीत आणताना नाती आणि हाका गळतात.

ध्वनीफीत:
रेकॉर्डिंग करणार असाल तर मोबाइल विमान मोडवर, पंखा बंद, फोन तोंडापासून हातभर अंतरावर. शेजारी यंत्रमाग असेल तर दुपारी सुट्टीच्या वेळेला बसा, नाहीतर खटखटीत शब्द बुडतात. वेव्ह फाइल ठेवा: मोनो, १६ बिट, ४८ किलोहर्ट्झ, तासाला सुमारे ३४५ एमबी. दोन ठिकाणी प्रत ठेवा. सुरुवातीला नाव, तारीख आणि "हे इतरांना ऐकवलं तर चालेल का?" याचं उत्तर नोंदवा. अल्बममध्ये चिकटलेले फोटो उचकटू नका; फ्लॅश बंद करून खिडकीच्या उजेडात वरून सरळ टिपा. लग्नाच्या फोटोत नवरा-नवरीमागची भिंत, दार, पायऱ्या बघा.

जुना_बोळ:
सगळ्यांचे आभार. खेळाच्या जागा कशा दाखवू? त्यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात.

टेप_आणि_खुंटी:
खेळावरूनच बोळाची रुंदी तपासा. गोट्यांना कडक मुरूम आणि गल (गोटी टाकायचा छोटा खड्डा) लागते, नळाच्या चिखलाशेजारी ती टिकत नाही. विटीदांडू आठ फुटी बोळात रंगत नाही. कुणी तसं सांगितलं तर बोळ तरी रुंद होता, नाहीतर जागा मैदानाकडची. लगोरीला पळायला दोन्ही बाजू मोकळ्या लागतात. जिबलीचे (लंगडीनं खेळायच्या ठिकरीचे) चौकोन बहुधा दारापुढच्या फरशीवर आखलेले, तेव्हा तिथं फरशी होती एवढं नक्की.

आणि तेव्हाच्या मुलींना वेगळं विचारा. पाण्याची रांग, धुण्याचा दगड, मोरीचं पाणी कुठून वाहायचं, हे त्यांना मुलांपेक्षा नेमकं आठवतं. त्या उताराची दिशा मिळाली की गटाराची रेघ ओढता येते, आणि खोल्यांच्या मागच्या बाजूही तिच्यावरून बसवता येतात.