चित्रकारांनो, सोशल मीडियावर प्रेक्षक कसे जमवले? – अनुभव धागा

चित्र, सुलेखन, शिल्प, काहीही करत असाल तर ऑनलाइन प्रेक्षक कसे जमले ते इथे लिहा. ‘सातत्य ठेवा’ हे सगळ्यांना पाठ आहे. नेमकं काय केल्यावर काय झालं ते सांगा.

*

मी जलरंगात काम करते. पूर्ण चित्राचा फोटो टाकला की ओळखीचेच लाइक करायचे. मग ओल्या रंगावर मीठ भुरभुरलं की खड्याभोवतीचा रंग कसा ओढला जातो आणि फिकट फुलं उमटतात, एवढंच दाखवणारी रील टाकली. ती पार अनोळखी लोकांपर्यंत गेली. गंमत म्हणजे त्यातले बरेचसे मिठासाठीच आलेले. चित्रं टाकली की सामसूम! आता रीलची सुरुवातच पूर्ण चित्राने करते, मीठ नंतर. माणसं कमी येतात, पण टिकतात.

*

मला इन्कटोबर फळला. २००९ पासूनचा उपक्रम, ऑक्टोबरचे ३१ दिवस, रोज एक शब्द आणि त्यावर शाईचं चित्र. सगळे एकाच शब्दावर काढतात, त्यामुळे अनोळखी चित्रकारालाही ‘सावली आडव्या रेघांनीच का भरली?’ असं विचारता येतं. नुसतं ‘मस्त!’ लिहिणाऱ्याकडे कोण वळून बघतं? हॅशटॅगांपेक्षा या गप्पांतूनच लोक आले. रोज जमलं नाही तरी चालतं, हजेरी कुणी घेत नाही.

*

इन्स्टाग्रामने २०१६ मध्ये फीडचा (समोर येणाऱ्या पोस्टचा) कालक्रम मोडला, २०२० मध्ये रील्स आणल्या. दर वेळी त्यांच्या तालावर नाचायचं का? मी सुलेखन करतो, व्हिडिओ करत नाही. एकाच अक्षराचे कच्चे खर्डे ओळीने एका पोस्टमध्ये लावतो, बिघडलेले धरून. लाइक बेताचेच, पण शिकणारे सेव्ह करून ठेवतात, आणि कार्यशाळेला तेच येतात.

*

सुलेखनवाल्या दादांना अनुमोदन. माझी एक भर: किंमत, आकार आणि पाठवायला लागणारा वेळ चित्राखालीच लिहा. ‘डीएम (खासगी मेसेज) करा’ म्हटलं की भिडस्त माणूस विचारतच नाही.

*

चोरीबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. मी चित्राची लहान, १०८० पिक्सेल रुंदीचीच प्रत टाकतो आणि सही चित्राच्या आत, रेषांमध्ये मुरवतो, कारण कोपरा कापायला सोपा. तरी एका मोठ्या पानाने सहीसकट चित्र लावलं, नाव मात्र दिलं नाही. माझ्या प्रेक्षकांनी तिथे जाऊन असा गोंधळ घातला की पानवाल्याला नाव द्यावंच लागलं. त्या भांडणातून जेवढे लोक आले, तेवढे एकाही रीलने आणले नाहीत.