तालुक्याच्या गावातले कारागीर, कंपाउंडर आणि बाटलीतली औषधं : तुम्ही पाहिलेलं लिहा

गेल्या आठवड्यात वाईच्या घरी आईचं कपाट आवरत होतो तर मागच्या कप्प्यात मिक्श्चरची बाटली सापडली, चपटी, खांद्याशी गोल, आणि तिच्यावर डोसाची कागदी पट्टी अजून चिकटलेली. सहा खाचा. हातात घेतली आणि दवाखान्याचा तो वास आला, स्पिरिट, फिनेल आणि कसलातरी गोडसर, आणि मी तिथेच खाली बसलो.

आमचे डॉक्टर जुने एलसीपीएस, म्हणजे तेव्हाची डॉक्टरकीची पदविका घेतलेले. बाहेरच्या खोलीत बाकं, आत डॉक्टर, मध्ये लाकडी पार्टिशन आणि त्याला एक चौकोनी खिडकी, खिडकीपलीकडे कंपाउंडरकाका. बाटली घरून न्यायची, विसरलो तर परत पाठवायचे. डॉक्टरांनी चिठ्ठीवर काय खरडलंय ते फक्त काकांनाच कळायचं, मग मोठ्या बरण्यांतून मापानं ओतणं, वर पाणी, बूच लावून तीनदा उलटसुलट. गोळ्या खलात कुटून पूड करायची आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेचे चौकोन कापून त्यात पुड्या बांधायच्या, सकाळ-दुपार-रात्र. बाटली हातात देताना ‘हलवून घे रे’ हे वाक्य दर वेळी, मी रोज गेलो तरी. आणि गंमत म्हणजे मला ताप आला की आई डॉक्टरांच्या आधी काकांनाच विचारायची, ‘मागच्या वेळी याला काय दिलं होतं हो?’ आणि त्यांना आठवायचं.

तुमच्या गावात कोण होतं? कल्हईवाले, पिंजारी, हाडवैद्य, सायकलवाले, कुणीही. स्वतः पाहिलेलं लिहा आणि हातानं ते नेमकं काय करायचे तेवढं नक्की लिहा, कारण तेच विसरत चाललंय.

*

कराड. आमच्याकडे कल्हईवाले चाचा वर्षातून तीनदा यायचे आणि पिंपळाखाली बसायचे. जमिनीत वीतभर खड्डा, त्यात कोळसे, चामड्याचा भाता पुरलेला आणि त्याची नळी निखाऱ्याखाली. भाता मारायला आम्हा पोरांमध्ये मारामारी व्हायची. पातेलं आधी राखेनं वाळूनं घासून घ्यायचे, मोठं पातेलं असलं की त्यात उभं राहून पायानं गरागरा फिरायचे, मग सांडशीत धरून निखाऱ्यावर तापवायचं. तापलं की नवसागराची चिमूट. भस्सकन पांढरा धूर, नाकात झिणझिण्या. लगेच कथलाची काडी आत टेकवायची, ती मेणासारखी वितळायची आणि कापसाच्या बोळ्यानं एकाच फेऱ्यात सगळीकडे फिरवायची, बघता बघता पिवळ्याचं चांदीसारखं. मग पाण्यात, चर्रर्र.

मी पुढे तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. कथील २३२ अंशाला वितळतं, नवसागर तापला की भांड्यावरचा ऑक्साइडचा थर काढून टाकतो म्हणून कथील धरतं, हे सगळं मी फळ्यावर लिहीत होते तेव्हा डोळ्यापुढे चाचांचा हात असायचा. थर्मामीटर नव्हता, नुसत्या रंगावरून ओळखायचे. थोडं जास्त तापलं तर कथील काळं पडायचं, कमी तापलं तर गोळे धरायचे. आजी प्रत्येक भांड्याच्या आत बोट फिरवून बघायची, कडेला कुठे काळं राहिलं असेल तर परत द्यायची आणि चाचा काही न बोलता परत निखाऱ्यावर धरायचे. कल्हई गेलेल्या पितळेत ताक ठेवलं की कळकायचं, हिरवट व्हायचं, उलट्या व्हायच्या, म्हणजे हे काम शोभेचं नव्हतंच, घरातल्या सगळ्यांच्या पोटाचं होतं. स्टेनलेस स्टील आलं आणि चाचा यायचे बंद झाले. कुठे गेले ते आम्ही कधी विचारलं नाही, याचं मला आता फार वाईट वाटतं.

आमच्या शेजारीच ओगलेवाडी, तिथे १९१६ मध्ये सुरू झालेला काच कारखाना होता, प्रभाकर कंदील तिथलाच. कंदिलाची टाकी गळायला लागली की पत्र्याचं काम करणारा डाग द्यायचा, तोही याच पिंपळाखाली.

*

टाकीवाली, म्हणजे वाटणाचा गुळगुळीत झालेला पाटा ठोकून परत खरखरीत करून देणारी, कुणालाच आठवत नाही का? ‘पाट्याला टाकीऽऽऽ’ अशी आरोळी. पाठीला पोर बांधलेलं, पाट्यावर छिन्नी-हातोडीनं ओळीत टिचके मारत जायची, एकही टिचका दुसऱ्यावर पडायचा नाही. वर कडेला एखादं फूल नाहीतर मासा काढून द्यायची, त्याचे वेगळे पैसे नाही. टाकी लावल्यावर पहिलं वाटण टाकून द्यायचं, कच येते म्हणून. आमच्याकडे मूठभर जाडं मीठ वाटून फेकायचे.

*

मी मिरजेची. आमच्या गावात तंतुवाद्यं बनतात हे सगळ्यांना माहीत आहे. फरीदसाहेबांपासूनची परंपरा, मुळात हे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारी घराणी, हत्यारांचे दिवस गेले आणि ते हात तंबोऱ्याकडे वळले. पण मला लिहायचंय ते जवारी काढण्याबद्दल, कारण हे काम मी दहा वर्षांची असताना वडिलांबरोबर जाऊन पाहिलं आणि आजही तंबोरा घेऊन मी तिथेच जाते.

तंबोरा वाजवून वाजवून तारांनी घोडीवर, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीवर, चरे पडतात आणि आवाज बसतो, नुसतं टण्ण टण्ण. सतारमेकर तारा सैल करून बाजूला घेतात आणि घोडीचा माथा कानशीनं घासतात. किती? तर दिसणार नाही इतकं. दोन हात मारायचे, तारा परत चढवायच्या, सुरात लावायच्या, छेडायच्या, डोळे मिटून ऐकायचं, परत उतरवायच्या. असं पंधरा-वीस वेळा. शेवटी तारेखाली सुती दोरा सरकवतात, केसभर पुढे, केसभर मागे, आणि एका जागी तो आला की तंबोरा एकदम उघडतो, एका तारेतून आठ-दहा स्वर ऐकू यायला लागतात. त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला होता. सगळी सकाळ गेली होती, दुकानात दुसरी दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती पण कुणी घाई करा म्हणालं नाही. भोपळे पंढरपूरकडून यायचे आणि माडीवर टांगलेले असायचे, सुकायला.

*

बार्शी. वडिलांचं किराणा दुकान, त्यात एक काचेचं कपाट ‘पेटंट औषधां’चं. अमृतांजनच्या पिवळ्या बाटल्या, झंडू बाम, ग्राईप वॉटर, डोंगरे बालामृत, नायटा-खरजेचं मलम, माकडछाप काळी टूथ पावडर, बर्नॉल, आणि धूतपापेश्वरची आसवं-अरिष्टं. धूतपापेश्वर पनवेलचं, १८७२ सालचं, आणि अमृतांजन १८९३ मध्ये मुंबईत नागेश्वर राव नावाच्या आंध्रच्या गृहस्थांनी सुरू केलं, नंतर ते मद्रासला गेलं. हे वडील कौतुकानं सांगायचे, आपल्या लोकांनी विलायती बाटलीशी टक्कर घेतली म्हणून. अमृतांजनची रिकामी बाटली कुणी टाकत नसे, चुना ठेवायला, काजळ ठेवायला, आमच्या शाळेत तर अर्ध्या वर्गाची शाई त्यात.

अमृतधारा मात्र वडील घरीच करायचे. कापूर, ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल, सारखं सारखं वजन करून कोरड्या बाटलीत घालायचे आणि बूच लावून माझ्या हातात द्यायचे. तीन पांढरे खडे. पाण्याचा थेंब नाही, विस्तव नाही, आणि माझ्या तळहाताच्या उबेत बघता बघता सगळ्याचं पाणी व्हायचं. पोट दुखलं तर बत्ताशावर दोन थेंब, डोकं दुखलं तर कपाळाला, दात दुखला तर कापसाचा बोळा. मूळ अमृतधारा लाहोरच्या पंडित ठाकूरदत्त शर्मांची, १९०१ ची, पण आमच्यासाठी ती वडिलांचीच.

एक गोष्ट मला अभिमानानं सांगायची आहे. बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडजवळ औषधवाले बसायचे, सतरंजीवर मुळ्या, बरणीत साप, शेजारी मुंगूस, आणि तासभर खणखणीत भाषण. सगळे रोग एका बाटलीत. त्यातला एकजण ‘शक्ती’च्या बाटल्या आमच्या दुकानात ठेवा म्हणून मागे लागला होता, कमिशनही चांगलं देत होता. वडिलांनी त्याला कायदा दाखवला, असल्या जाहिरातींवर १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे म्हणाले, आणि नंतर मला म्हणाले की कायदा नसता तरी ठेवली नसती, ज्याला उद्या तोंड दाखवायचंय त्याला हे विकायचं नाही.

*

वरचं वाचून लिहावंसं वाटलं, जरा जड आहे.

अमळनेरजवळचं माझं आजोळ. मामाच्या मुलाला कावीळ झाली, सतरा वर्षांचा, मी बारा. गावात कावीळ उतरवणारा एक माणूस होता. तो हातांना कसलातरी रस चोळायचा आणि पितळेच्या परातीत पाण्यानं हात धुवायचा, पाणी पिवळंधमक. ‘बघा किती निघाली.’ मी स्वतः पाहिलंय ते, आणि माझा पूर्ण विश्वास बसला होता, मामीचाही, ती परातीकडे बघून रडली होती. सात दिवस जायचं होतं. सहाव्या दिवशी भाऊ बडबडायला लागला, तालुक्याला नेईपर्यंत बेशुद्ध. तो परत आला नाही.

कॉलेजात असताना अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यक्रमात एका कार्यकर्त्यानं स्टेजवर तेच करून दाखवलं. आंब्याच्या सालीचा रस हाताला, आणि परातीत चुन्याची निवळी. पिवळं पाणी. कुणाचेही हात घ्या, धडधाकट माणसाचेही. मी सभागृहातून बाहेर आले आणि पायरीवर बसून राहिले. बहुतेक कावीळ आपोआप बरी होते, म्हणून त्या माणसाचं नाव झालं होतं, आणि ज्यांची होत नाही ते सांगायला येत नाहीत. मामीला मी हे कधीच सांगितलं नाही. जुन्या दिवसांवर माझंही प्रेम आहे पण या धाग्यात हेसुद्धा असायला हवं.

*

ताई, बरं केलंत लिहिलंत. माझ्या दंडावर देवीचे दोन वण आहेत, टोचायला माणूस घरोघर यायचा आणि आमच्या वाड्यातल्या बायका पोरं लपवायच्या, मला आजीनं कणगीत बसवलं होतं. आईनं ओढून बाहेर काढलं. देशातला देवीचा शेवटचा रोगी १९७५ चा. त्या टोचणाऱ्याला लोक शिव्या द्यायचे आणि तो पुढच्या घरी जायचा.

*

न्यू जर्सीहून लिहितेय, माहेर पेण. बाळगुटी! माझी आई आळीतल्या सगळ्या बाळंतिणींकडे जायची गुटी उगाळायला. हळकुंड, हिरडा, बेहडा, वेखंड, सुंठ, मायफळ, जायफळ, मुरुडशेंग, अतिविष, बदाम, खारीक, सगळं एका डब्यात. सहाणेवर आईचं दूध घालून प्रत्येकाचे वेढे मोजायचे, एक वेढा म्हणजे सहाणेवर एक गोल. पोटात मुरडा असेल तर मुरुडशेंगेचे दोन जास्त, जायफळ मात्र अर्धाच, बाळ फार झोपतं म्हणून. आधी बाळाचं लंगोट बघायची, मग वेढे ठरवायची. माझी मुलगी इथे झाली तेव्हा डॉक्टरांनी सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही म्हणून सांगितलं, मी ऐकलं, आईनंही ऐकलं. पण ती सहाण घेऊन आली होती, माझ्या किचनच्या खिडकीत आहे, मध्यभागी खळगा पडलाय, तो आईच्या हाताचा.

*

चिपळूण, १९७८ च्या आसपास. सायकलचं दुकान, तासाला चार आणे, आम्हाला मिळायची ती लहान सायकल, ब्रेक एकच आणि तोही लागला तर लागला, पण डिपॉझिट वगैरे काही नाही, वहीत फक्त वडिलांचं नाव आणि वेळ, घड्याळ दुकानदाराचं त्यामुळे पाच मिनिटं उशीर झाला तर तोच म्हणायचा जा रे, आणि पाऊण तासातच पंक्चर झाली तर तिथून ढकलत आणायची. मग तो बादलीत ट्यूब बुडवून बुडबुडे दाखवायचा, ‘इथं बघ’, मला बोट ठेवायला लावायचा. कानशीनं घासायचं, सोल्यूशन लावून फुंकर मारायची, वाळेपर्यंत थांबायचं, मगच ठिगळ आणि वर हातोडीचे चार ठोके. ओलं असताना ठिगळ लावलंस तर उद्या परत येशील, हे मी त्याच्याकडून शिकलो. पुढे पंचवीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढली, पहिला गुरू तो.

*

धागाकर्ते, तुमची बाटली वाचून आले. माझे बाबा कंपाउंडर होते, वाईला नाही, सोलापूर जिल्ह्यात, एकाच दवाखान्यात एकोणचाळीस वर्षं. ती पट्टी डिंकानं नव्हती चिकटवत, ओली बाटली हातात आली की डिंक सुटायचा. गव्हाच्या पिठाची खळ असायची आणि त्यात चिमूटभर मोरचूद, झुरळं खाऊ नयेत म्हणून. ती मी करायचे, सकाळी शाळेच्या आधी, स्टोव्हवर. कागदाची लांब पट्टी घेऊन बाबा तिच्या सारख्या घड्या घालायचे आणि कडेला कात्रीनं एकच तिरका काप, उघडली की सगळ्या खाचा एकसारख्या. सहा खाचा म्हणजे दोन दिवसांचं औषध, दिवसातून तीनदा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही कळावं म्हणून ते. म्हाताऱ्या माणसांसाठी बाबा खाच जरा खोल कापायचे, दिसत नसेल तरी अंगठ्याला लागावी म्हणून.

तुमच्या बाटलीवरच्या खाचा खोल आहेत का हो?