मदत हवी आहे : परिषदा भरणाऱ्या रिसॉर्टमध्ये शांत खोली कशी मिळवायची?

डिसेंबरात आई-बाबा आणि मुलांसह नागपूरजवळच्या रिसॉर्टवर दोन रात्री राहायचंय. हिवाळी अधिवेशन, लग्नसराई, कंपन्यांच्या परिषदा, सगळं एकाच महिन्यात! लॉनवरचे स्पीकर नियमाने रात्री १० ला बंद होतात, पण खरा त्रास त्यानंतर: खुर्च्या-टेबलं ओढणं, ट्रॉल्यांची खडखड, सर्व्हिस लिफ्ट. म्हणून हॉल आणि लिफ्ट दोन्हींपासून लांबची खोली हवीय. त्या तारखांचे कार्यक्रम रिसेप्शनवाले सांगतात, की बँक्वेट विभागालाच फोन करावा? स्विमिंग पूल खासगी पार्टीसाठी बंद राहणार नाही, हे ईमेलवर लिहून देतात का? परिषदेचं सत्र सुरू होण्याआधी नाश्त्याला झुंबड उडते. सातलाच गेलं तर पोहे-इडली तयार असते? वर्धा रोड बरा की रामटेककडची बाजू? अनुभवी मंडळींनी कृपया सांगा.