त्सदाका : दान म्हणायचं की अजून काही?

शाईपेन :
एका लेखाचं भाषांतर करतेय, विषय ज्यू मूल्यं आणि मानवी हक्क, आणि पहिल्याच पानावर गाडी अडकलीय. शब्द आहे त्सदाका. इंग्रजीत सगळे चॅरिटी लिहून मोकळे होतात, पण मी 'दान' लिहिलं की पुढचं सगळं लंगडं पडतं, कारण लेखकाचं म्हणणं असं की त्सदाका न देणं म्हणजे दुसऱ्याचं अडवून ठेवणं. दान तर मनात आलं तर करायचं, नाही आलं तर नाही, तिथे अडवणूक कुठली? आणि उर्दूतला सदका तो हाच का?

कोकणकडा :
सदका आणि त्सदाका चुलत भाऊ, अरबी-हिब्रूची मुळं एकच. हिब्रूत त्सेदेक म्हणजे न्याय. बायबलच्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात (हो, पुस्तकाचं नावच ते, भाषांतर करणाऱ्यांनी हसून घ्यावं) १६:२० ला न्यायाच्याच मागे लागा असं आहे आणि मूळ हिब्रूत तो शब्द लागोपाठ दोनदा येतो. त्यामुळे दान नको, खैरात तर अजिबातच नको. दानात पुण्य देणाऱ्याच्या खात्यावर जातं आणि घेणाऱ्याने वर हात जोडायचे.

बांधावरून :
शेतातलं बघा म्हणजे लगेच कळेल. ज्यू नियम असा की कापणी करताना शेताचा कोपरा गरिबांसाठी उभाच ठेवायचा, त्याला पेआ म्हणतात, मिश्ना या जुन्या ज्यू नियमसंग्रहाप्रमाणे कमीत कमी साठावा हिस्सा. कापताना हातातून गळलेली कणसं उचलायची नाहीत, ती लेकेत. म्हणजे आपल्याकडे सरवा म्हणतात तोच, मराठी बायबलमध्ये रूथ सरवाच वेचायला जाते, आणि ती मवाबी म्हणजे परक्या मुलखातली बाई हे विसरू नका. शेतात विसरून राहिलेली पेंढी आणायला मालकाने परत जायचं नाही हा तिसरा नियम. आता खरी गंमत, यातलं कोणाला द्यायचं हे मालक ठरवू शकत नाही! मायमोनिडीस या ज्यू धर्मपंडिताने १२व्या शतकात स्वच्छ लिहून ठेवलंय की गरीब येऊन घेऊन जाणार, मालकाची मर्जी असो वा नसो. मग हे दान कसं म्हणणार, ते पीक मालकाचं नाहीच. माझ्या मते 'हक्क' लिहा. आपल्याकडेही बलुतेदार खळ्यावर येऊन आपला हक्क घेऊन जायचाच की.

तिरकी_रेघ :
बलुत्याची उपमा नको राव. एक तर बलुतं कामाच्या बदल्यात होतं, पेआसाठी गरीब असणं पुरे. आणि खळ्यावर जात बघून कोणाला काय आणि किती लांबून मिळायचं हे काय लपून राहिलंय का. हक्क होता पण मान खाली घालून घ्यायचा हक्क. त्सदाकाच्या नियमात उलट घेणाऱ्याची लाज जपायची धडपड दिसते, मायमोनिडीसच्या आठ पायऱ्यांत सगळ्यात वरची पायरी म्हणजे माणसाला कर्ज देणं, भागीदारीत घेणं नाहीतर काम देणं, म्हणजे त्याला हात पसरायची वेळच येऊ नये. आणि त्सदाकावर जगणाऱ्यालाही त्यातून थोडी त्सदाका द्यावी लागते, कारण देणारा असण्याचा मान त्याचाही.

पण 'हक्क' लिहिलंत तरी पंचाईत आहे. त्या परंपरेत वाक्याचा कर्ता देणारा असतो, त्याला आज्ञा आहे, मित्झवा. माझा हक्क काय हा प्रश्न तिथे नंतर येतो, आधी माझ्या डोक्यावर काय आहे ते.

शाईपेन :
मग 'सार्वत्रिक' मानवी हक्क कुठून आले त्यात? लेखक तर थेट उडी मारतो.

तिरकी_रेघ :
उडीच आहे ती. मिश्नातलं ते प्रसिद्ध वाक्य, एक जीव वाचवला तर सगळं जग वाचवलं, त्याचे दोन पाठ आहेत, एकात नुसता 'जीव' आणि दुसऱ्यात 'इस्राएलचा जीव'. कोणता पाठ धरायचा त्यावर सगळा अर्थ फिरतो. तालमूद, म्हणजे मिश्ना आणि तिच्यावरच्या चर्चांचा ग्रंथ, परक्या गरिबांनाही आपल्या गरिबांबरोबर द्या असं सांगतं, पण कारण देतं 'शांततेच्या वाटांसाठी', म्हणजे शेजार नीट राहावा म्हणून. दुसऱ्या बाजूला बायबलच्या 'उत्पत्ती' पुस्तकात माणूस देवाच्या प्रतिरूपात घडला असं आहे, तिथे ज्यू-बिज्यू काही नाही. दोन्ही धागे आहेत, कुठला ओढायचा हे माणसांनी ठरवलं. रने कासँ या फ्रेंच कायदेपंडितांनी १९४८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क जाहीरनाम्याच्या मसुद्यावर काम केलं तेव्हा ते आलियाँस इस्राएलीत युनिव्हर्सेल या फ्रेंच ज्यू संस्थेचे अध्यक्षही होते, पण जाहीरनाम्यात देवाचं नाव नाही.

कोकणकडा :
आणि शब्द मोठा असला तरी वापर बघावा लागतो. आमच्या अलिबागकडचे शनवार तेली, म्हणजे बेने इस्राएल, कोकणातले ज्यू, इस्राएलला गेले तर १९६० च्या सुरुवातीला तिथल्या मुख्य रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी) लग्नाआधी त्यांची वंशावळ तपासायचं फर्मान काढलं. शनिवारी, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवून पिढ्यानपिढ्या ज्यू राहिलेल्यांना विचारतायत तुम्ही ज्यू कशावरून! मोर्चे निघाले, धरणी धरली, तेव्हा कुठे १९६४ मध्ये सरकारने ते सर्व बाबतीत ज्यूच असल्याचं जाहीर केलं. तुमच्या लेखात हे नसेल तर तळटीप टाकाच.

बांधावरून :
बरं मग शब्दाचं काय? 'देणं' कसं वाटतं? समाजाचं देणं लागतो म्हणतो ना आपण, त्यात देणं पण आलं आणि कर्ज पण आलं, देणारा कर्ता पण राहिला, तिरकीरावांची हरकत मिटली.

तिरकी_रेघ :
हे चालेल. पहिल्यांदा त्सदाका लिहून पुढे 'देणं'.

शाईपेन :
मस्त, घेतलं. फक्त ते पहिल्यांदाचं, 'त्सदाका दिली' की 'दिला'?

कोकणकडा :
हिब्रूत स्त्रीलिंगी आहे, वर तिरकीरेघ यांनीही 'दिली'च्या अंगानेच लिहिलंय. माझ्या कानाला सदक्यामुळे 'दिला' बरं वाटतं. एकच काहीतरी धरा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.