वर्गणी देणाऱ्याला मतही असतं

वर्गणीवर चालणारं रेडिओ केंद्र शेवटी वर्गणीदारांच्याच तालावर नाचणार, असा आक्षेप घेतला जातो; तो मला निम्मा पटतो. अमेरिकेतल्या बर्कलीचं केपीएफए हे असंच वर्गणीवर चालणारं केंद्र मी बरीच वर्षं ऐकतोय. निधी गोळा करायचे दिवस आले की नेहमीचे कार्यक्रम बाजूला पडतात, ज्या विषयाला फोन जास्त त्यालाच वेळ जास्त, आणि निवेदक मुलाखत मधेच तोडून फोन नंबर सांगत बसतो. वैताग येतो खरा. पण या आक्षेपात सुटलेला मुद्दा असा की तिथे श्रोत्याला मतदानाचा हक्क आहे. वर्षाला 25 डॉलर द्या किंवा तीन तास स्वयंसेवक म्हणून राबा, की केंद्राच्या स्थानिक मंडळाच्या निवडणुकीत मत देता येतं. पैसे नसलेल्यालाही, हे महत्त्वाचं.

हा हक्क कुणी ताटात वाढून दिलेला नाही. 1999 मध्ये मालक संस्था पॅसिफिकाने कर्मचाऱ्यांना बाहेर काढून केंद्राला टाळं ठोकलं, तेव्हा हजारो श्रोते रस्त्यावर उतरले. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या आणि मग श्रोत्यांना मत देणारी नवी नियमावली आली. आता त्या निवडणुकांत गटबाजी इतकी, की आपली हाउसिंग सोसायटी बरी!

केपीएफएची तुलना कुणी म्हसवडच्या माणदेशी तरंग या सामुदायिक रेडिओशी करतात, ती मात्र जमत नाही. आपल्याकडे सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देताच येत नाहीत, द्यायच्याच तर आकाशवाणीच्या, त्यांत फेरफार न करता, लावता येतात. मग तिथे बातम्यांवर दबाव कुणाचा, हा प्रश्नच उरत नाही.