माळा रिकामा केला, खर्चही उतरला. तुमचा अनुभव?

कोनाडा (धागाकर्ता)
आमची डोंबिवलीची इमारत पुनर्विकासाला गेली. तीन वर्षं भाड्याच्या छोट्या घरात काढायची म्हणून ३१ वर्षांचा माळा उतरवला. तांब्याचा बंब, अकरा पितळी डबे, आहेरात आलेले तीन लेमन सेट (खोकीसुद्धा न उघडलेली) आणि एक पिशवी, जिच्यात फक्त पिशव्या! बंब आणि डबे मोडीत घातले, बाकीचं वाटून टाकलं.

त्यानंतर एक सवय लावली. काही घ्यावंसं वाटलं की वहीत तारीख टाकून लिहायचं आणि महिनाभर थांबायचं. आठ महिन्यांत १४ नोंदी झाल्या, त्यातल्या तीनच वस्तू घेतल्या. मिक्सर जळला होता, तो घेणं भागच होतं. एअर फ्रायर महिन्यानंतर आठवलाही नाही. महिन्याला दोनेक हजार वाचतात. कमी सामानात राहणं सगळ्यांनीच करून बघावं असं माझं मत झालंय.

हिशेबी
ते दोन हजार बचत खात्यात लोळू देऊ नका. पीपीएफमध्ये दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरा, म्हणजे त्या महिन्याचं व्याज बुडत नाही. ७.१ टक्के दर टिकला तर १५ वर्षांत भरलेल्या ३ लाख ६० हजारांचे सहा लाखांच्या वर होतात. एअर फ्रायरचं काय झालं असतं ते सांगायला नको.

अंजिरी
धागाकर्ते दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी करतायत. मिनिमलिझम म्हणजे टाकणं, काटकसर म्हणजे जपून ठेवणं! माझ्या आजीचं लुगडं विरलं की त्याची गोधडी व्हायची, उरलेल्या तुकड्यांची बाळाची दुपटी आणि शेवटी पोतेरं. यासाठी घरात जुनेराचं गाठोडं लागतं. ते गाठोडं तुम्ही पहिल्या दिवशी वाटून टाकणार आणि फरशी पुसायला नवा मॉप आणणार. याला काटकसर कुठल्या तोंडाने म्हणायचं?

दहा_बाय_सोळा
मी वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलो. १६० चौरस फूट, माणसं आठ. १९२०च्या दशकातल्या इमारती, संडास सामायिक. भिंतीवर खुंट्या, पलंगाखाली ट्रंका, रात्री निम्मे लोक गॅलरीत. सामान कमीच होतं, पण त्याचे फायदे कुणी आम्हाला समजावले नाहीत. आता तिथे ५०० फुटांचं घर मिळतंय म्हटल्यावर आईने पहिलं काय मागितलं? कपाट. आरसा लावलेलं. तिला हा धागा वाचून दाखवायची माझी हिंमत नाही.

कोनाडा
@दहा_बाय_सोळा, मान्य. जे नव्हतंच ते सोडण्यात कसला पराक्रम. माझा मुद्दा ज्यांच्याकडे जास्त झालंय त्यांच्यापुरता आहे.
@अंजिरी, गोधडीला हात लावलेला नाही. ती अंगावर आहे.

शेवटची_लोकल
गोधडीचं कौतुक चाललंय, पण ती शिवायचं कोण? आमच्याकडे दुधाच्या पिशव्या धुऊन ओट्यामागच्या टाइल्सवर चिकटवून वाळवतात आणि रद्दीत देतात. वर्षानुवर्षं ते काम आईचंच. कडेकडेने टूथपेस्ट पिळणं, कालच्या भाताचा फोडणीचा भात करणं, सगळं तिच्याकडे, आणि ‘आमच्या घरात काटकसर फार’ हे पाहुण्यांना सांगणार बाबा. पैसे वाचले ते तिच्या वेळेतून. त्यामुळे कमी वस्तूंच्या बाजूने माझं मत. पुसायला, धुवायला, माळ्यावर चढवायला तरी कमी.

अंजिरी
हे पटलं. पण टाकून दिलेलं कधीतरी लागतंच हो. तेव्हा काय करता?

कोनाडा
लागलं ना! गेल्या महिन्यात १५ माणसं जेवायला होती आणि घरात मोठं पातेलंच नाही. शेजारच्या काकूंकडून आणलं.

अंजिरी
म्हणजे तुमचं मिनिमलिझम काकूंच्या माळ्यावर ठेवलंय.

कोनाडा
हो, तसंच म्हणा. पण पातेलं रिकामं कसं परत करायचं? बायकोने शिरा करून दिला. साजूक तुपातला. तो खर्च वहीत लिहिलेला नाही.